सेवा केंद्रात नवीन बसणाऱ्या भावाला

भाऊ, तू म्हणालास, कॉम्प्युटर न शिकता चालला पाहिजे. अर्धं पटलं. सातबारा घ्यायला आलेल्या आजीला काहीच शिकावं लागू नये, तिचं काम वर्षातून दोनदा. तू मात्र दिवसभर तिथंच बसणार.

डवरा आठव, पिकातलं तण काढायचं बैलांचं औत. दिसायला किती साधा, पण नवखा पोरगा पहिल्याच तासात पऱ्हाटी (कपाशी) उपटते. (मीही उपटली होती, बाबांची बोलणी अजून कानात आहेत.)

डग्लस एंगलबार्ट या अमेरिकन संशोधकानं १९६८ मध्ये माउस लोकांसमोर दाखवला, तेव्हा सोबत पाच कळांचा एक छोटा कीसेटही होता. एका हातानं अक्षरं उमटत, पण कोणत्या कळा मिळून कोणतं अक्षर हे पाठ करावं लागे. माउस घरोघरी गेला, कीसेट मागं राहिला. लोकांनी सोपं उचललं, त्यात वावगं काही नाही. पण रोज आठ तास टाइप करणाऱ्याचा हिशेब वेगळा असते.

म्हणून आधी इनस्क्रिप्ट शिक, म्हणजे मराठी टाइप करायची कीबोर्डवरची मांडणी. स्वर अन् मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. 'क'ची कळ शिफ्टसोबत दाबली का 'ख', 'त'ची दाबली का 'थ'. वर्णमाला येते त्याला ही मांडणी लवकर पटते. सुरुवातीला बोटं अडखळतील, गिऱ्हाईकही कुरकुरेल. तेव्हा सरावाला सकाळी अर्धा तास लवकर ये. लाइट असली तर.