मास्कची सवय लागेल का?

“एकदा तोंडाला लागलं की सुटत न्हाई म्हणत्यात. खरं हाय का ओ ताई?”

करवीर तालुक्यातल्या एका गावाहून आलेल्या काकूंचा हा प्रश्न. शेजारी काका दोन्ही हात टेबलावर टेकवून दम घेत उभे. दारापासून टेबलापर्यंत चारच पावलं चालले होते.

निम्मं आयुष्य गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाड सारण्यात गेलेलं, जोडीला बिडी. निदान तीव्र सीओपीडीचं, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन कायम दम लागणाऱ्या फुफ्फुसाच्या आजाराचं. कोल्हापुरातल्या छातीच्या डॉक्टरांनी व्यायाम सुरू करायला सांगितला आणि जागेवरची सायकल मारताना बायपॅप, म्हणजे मास्कमधून श्वासाला हवेच्या दाबाचा आधार देणारं मशीन, लावून बघू म्हणाले. घरी रडारड झाली, कारण भावकीतले एकजण मशीन लावलेलेच गेले होते. मशीन म्हणजे शेवट, ही भीती माझ्याकडे फार घरांतून येते. ती खोटी म्हणून उडवून लावू नये. त्यांनी जे पाहिलंय त्यातूनच ती आलेली असते.

मी काकूंना म्हटलं, “भरल्या घागरीत पाणी ओतलं तर मावेल का?” या आजारात आत गेलेली हवा पुरती बाहेर पडत नाही. चालताना श्वास भराभर होतो, मग सोडायला वेळ आणखी कमी. छाती फुगलेलीच राहते, छातीच्या तळाचा श्वासाचा पडदा सपाट होतो आणि पायांच्या आधी श्वासाचे स्नायू थकतात. माणूस बसून राहतो, मांड्या वाळतात. वाळलेल्या पायांना थोड्याशा कामातही दम लागतो, की पुन्हा बसणं. मशीन श्वास घेताना हवा आत ढकलून त्या स्नायूंचं ओझं थोडं उचलतं, सोडताना हलका दाब ठेवून बारीक नळ्या मिटू देत नाही. तेवढ्यात पायांना व्यायाम मिळतो. आठवड्यातून दोन-तीनदा, अर्धा तास लावल्याने सवय लागत नाही.

पण मी हेही सांगितलं की या मशीनची गरज सगळ्यांना नसते. बहुतेकजण मास्कशिवायच व्यायाम करतात. आधार असला की जोर जास्त लावता येतो; त्यामुळे रोजचं जगणं साध्या व्यायामापेक्षा जास्त सुधारतं, असं मात्र ठामपणे सिद्ध झालेलं नाही. फुफ्फुसं तर पूर्वीसारखी होणार नाहीत. मास्क सोसला नाही तर मास्क सोडा, व्यायाम सोडू नका.

पहिल्या दिवशी पट्टे बांधलेच नाहीत. काकांनी मास्क स्वतःच्या हाताने नाकातोंडावर धरला. नको वाटलं की काढायचा, पुन्हा धरायचा. ती मूठ घट्ट होती, नखं पांढरी पडलेली. तिसऱ्या खेपेला हात सैल झाला. सायकलवर बसायला आणखी दोन दिवस गेले. बोटाला ऑक्सिमीटर, शेजारी फिजिओथेरपिस्ट, आणि दर मिनिटाला एकच विचारणा: दम दहापैकी किती?

आधी दोन मिनिटांत पाय थांबायचे. सहाव्या आठवड्यात अकरा मिनिटं झाली. काकू नाकावरचा लाल वळ बोटाने चोळत म्हणाल्या, “घरी कधी मागितलं न्हाई ओ मशीन.”

आता काका स्टुलावर बसून स्वतःची आंघोळ करतात. डोक्यावर तांब्या ओतायला हात वर गेला की अजून दम लागतो. तेवढे दोन तांबे काकू ओततात.