एक्सएमएलची सुरुवात करताय? आधी एवढंच सांभाळा

एक्सएमएल म्हणजे माहिती <नाव>…</नाव> अशा खुणांमध्ये, म्हणजे टॅगमध्ये, लिहिण्याची पद्धत. त्यासाठी महागडा एडिटर इतक्यात घेऊ नका. व्हीएस कोड आणि त्यातलं एक्सएमएलचं एक्स्टेंशन सध्या भरपूर झालं; टॅग उघडा राहिला की लाल रेघ लगेच दिसते.

नवीन माणूस हमखास अडकतो तो इथे:

- मजकुरात नुसतं & टाकणं. 'नियम & अटी' लिहिलंत की पार्सर, म्हणजे फाइल वाचणारा प्रोग्राम, तिथेच थांबतो. एचटीएमएलमध्ये ब्राउझर सांभाळून घेतो, इथे कोणी घेत नाही.
- वर्डमधून चिकटवलेली वाकडी अवतरणचिन्हं. अ‍ॅट्रिब्यूटला (टॅगच्या आत नाव="मूल्य" असं लिहितात ते) सरळच लागतात.
- फाइल यूटीएफ-८ मध्ये (मराठीसकट सगळी अक्षरं साठवायची पद्धत) सेव्ह करायला विसरणं.

प्रकाशित करण्याआधी दर वेळी एक्सएमएललिंट हे फाइल तपासणारं टूल चालवा. फुकट आहे, चूक कुठल्या ओळीवर सापडली ते दाखवतं. पहिली चूकच आधी दुरुस्त करा, खालच्या बऱ्याच आपोआप जातात.

स्कीमा (फाइलच्या रचनेचे नियम) आणि एक्सएसएलटी (एक्सएमएलचं दुसऱ्या रूपात रूपांतर करणारी भाषा) यांना अजून हात लावू नका. एक छोटी फाइल स्वतः लिहा, जमेल तुम्हाला.