लायसन्स मिळालं, आता मन सांभाळ

भाऊ, अभिनंदन! क्लच-गिअर महिनाभरात अंगवळणी पडतील. आधी तीन गोष्टी धर.

राग सगळ्यात घातक. रावेरकडून केळी भरून आलेला ट्रक बाजू देत नाही, मागचा हॉर्न वाजवतो, आणि आपल्याला तो अपमान वाटतो. नवशिके चुकीचा ओव्हरटेक इथेच करतात. ताशी ८० ला गाडी सेकंदात २२ मीटर जाते रे! मागच्याला खुशाल पुढे जाऊ दे.

झोप: पहाटे आणि दुपारच्या जेवणानंतर जपून. गाणी लावून, काच खाली करून ती जात नाही. धाब्यावर गाडी लाव, वीस मिनिटं डुलकी काढ.

फोन: हातात नसला तरी लक्ष बोलण्यातच असतं.

चाळीसगावचा कन्नड घाट सध्या नको. सहा महिन्यांनी मी शेजारी बसेन, तेव्हा जाऊ.