पार्लरमध्ये करंटचं मशीन : दोन लाखांचं कर्ज काढावं का?

सांगलीहून एका ताईंनी विचारलं आहे. त्यांचं दोन खुर्च्यांचं पार्लर आहे, हाताखाली एक मुलगी आहे आणि महिन्याची उलाढाल साधारण ७० हजारांची. पुण्याच्या एका डीलरने त्यांना त्वचेवर सौम्य वीजप्रवाह वापरणारं ‘फाइव्ह इन वन’ मशीन दाखवलं: गॅल्व्हॅनिक, हाय फ्रिक्वेन्सी, फॅरेडिक, मायक्रोकरंट आणि डोक्याच्या त्वचेसाठी वेगळा कंगवा. किंमत १ लाख ८५ हजार. “मुद्रा लोन सहज होईल, महिन्याला सात हजारांच्या आत हप्ता बसेल, दोन फेशियलमध्ये आठवड्याचा हप्ता सुटतो,” असं डीलरचं म्हणणं. ताईंची लेक अकरावीत आहे. तिच्या इंजिनिअरिंगसाठी ३ लाखांची एफडी आहे. प्रश्न असा की कर्ज काढावं, एफडी मोडावी, की हा विचारच सोडावा?

ताई, तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला फार आवडली. तुम्ही साध्या फेशियलचा आणि गॅल्व्हॅनिक फेशियलचा दर, लागणारं सामान आणि वेळ, तिन्ही लिहून पाठवलंत. त्यामुळे अंदाजावर बोलायची गरज नाही. उत्तर आधीच सांगते: हे मशीन कर्ज काढून घेऊ नका, एफडीला हात लावू नका, पण करंटचं काम मात्र नक्की सुरू करा. कसं, ते पुढे.

डीलरच्या हिशोबातली चूक ‘दोन फेशियल’मध्ये आहे. तो गॅल्व्हॅनिक फेशियलचे पूर्ण १,२०० रुपये धरतो. पण ती बाई तुमच्याकडे आधीपासून ७०० रुपयांचं फेशियल करतेच आहे. मशीनने आणले ते फक्त वरचे ५००. त्यातून जास्तीच्या जेलचे आणि अँप्युलचे (सीरमच्या छोट्या कुपीचे) ९० वजा करा (साध्याला १२०, याला २१०), उरले ४१०. हप्ता भागवायचा तो या ४१० मधून.

आता हप्ता. कोटेशनचा जो फोटो तुम्ही पाठवलात, त्यात खाली बारीक अक्षरांत ‘जीएसटी एक्स्ट्रा’ लिहिलंय. १८ टक्के धरले की मशीन २ लाख १८ हजार ३०० ला पडतं. तुमची उलाढाल वर्षाला साडेआठ लाखांच्या आत आहे, म्हणजे सेवांसाठीच्या २० लाखांच्या मर्यादेच्या बरीच खाली. तुम्ही नोंदणी केलेली नाही, तेव्हा हा कर परत मिळायचा नाही. पुढे नोंदणी करावी लागली तरी सप्टेंबर २०२५ पासून पार्लरच्या सेवांवर ५ टक्के कर आहे आणि त्यात खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही. म्हणून ‘जीएसटी सुटेल’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

२ लाखांचं कर्ज, १४ टक्के व्याज, तीन वर्षं: हप्ता सुमारे ६,८३६ रुपये. तीन वर्षांत २ लाख ४६ हजार जातील, वर खिशातले १८,३०० वेगळे. १ लाख ८५ हजारांची वस्तू अखेर २ लाख ६४ हजारांना पडते. ६,८३६ ला ४१० ने भागा. महिन्याला १७ बायकांनी साधं सोडून गॅल्व्हॅनिक घेतलं, तर फक्त हप्ता निघतो. तुमच्या हातात त्यातलं काहीच येत नाही.

लगीनसराईत तुमच्याकडे महिन्याला ४५ फेशियल होतात, तेव्हा १७ जमतीलही. पण पितृपक्षाच्या महिन्यात २० च होतात असं तुम्हीच लिहिलंय. वीसपैकी सतरा जणी जास्त पैसे देतील का? हप्त्याला पितृपक्ष कळत नाही.

आणि लगीनसराईतही एक मेख आहे, जी डीलर सांगणार नाही. साधं फेशियल ५० मिनिटांचं, गॅल्व्हॅनिक ७५ मिनिटांचं. शनिवारी सकाळपासून बायका बाकावर बसलेल्या असतात तेव्हा तुमच्याकडे कमी पडतो तो वेळ. साध्या फेशियलमध्ये सामान वजा जाता ५८० उरतात, म्हणजे मिनिटाला ११ रुपये ६० पैसे. गॅल्व्हॅनिकमध्ये ९९० उरतात, मिनिटाला १३ रुपये २० पैसे. तासामागे जेमतेम ९६ रुपये जास्त. त्यासाठी सहा तासांत सात बायकांऐवजी चार गॅल्व्हॅनिक आणि एक साधं, अशा पाचच जणी होतील. परत गेलेल्या दोघी पुन्हा येतीलच असं नाही. गॅल्व्हॅनिकचा खरा फायदा मंगळवार-बुधवारच्या रिकाम्या दुपारी आहे. तिथे खुर्ची नाहीतरी मोकळी असते आणि ४१० रुपये पूर्ण तुमचे.

आता मशीनच्या पोटात काय आहे ते पाहू, कारण पाचपैकी पाचही गोष्टींचे पैसे द्यायची गरज नाही.

गॅल्व्हॅनिक म्हणजे एकाच दिशेने वाहणारा सौम्य प्रवाह. बाईच्या हातात एक दांडी, तुमच्या हातात दुसरी. ऋण टोकाखाली क्षारयुक्त द्रावण लावलं की रंध्रांतलं तेल साबणासारखं मऊ होतं आणि ब्लॅकहेड्स कमी त्रासात निघतात. हे डिसइन्क्रस्टेशन. दुसऱ्या भागात सीरम त्वचेत ढकलायचं असतं. सारखे भार एकमेकांना दूर लोटतात, म्हणून सीरमचा भार आणि दांडीचं टोक जुळावं लागतं. टोक चुकलं तर महागडं अँप्युल वाया, आणि एकाच जागी दांडी फार वेळ धरली तर त्वचा भाजते. तेलकट चेहऱ्यावर याचा फरक बाईला त्याच दिवशी आरशात दिसतो, म्हणून ती पुन्हा मागते.

हाय फ्रिक्वेन्सी वेगळी. काचेची नळी, आत आर्गॉन असेल तर जांभळा उजेड, निऑन असेल तर नारिंगी. त्वचेवर फिरताना बारीक चर्र आवाज येतो आणि थोडा ओझोन तयार होतो, त्याचा तो विशिष्ट वास. ब्लॅकहेड्स काढल्यावर, मुरमांच्या त्वचेवर हे वापरतात. वेळ आठ मिनिटं, सामान जवळजवळ नाही. १५० रुपये जास्त घेतलेत आणि १० रुपये खर्च धरला, तरी मिनिटाला साडेसतरा रुपये होतात. तुमच्या अख्ख्या दरपत्रकात मिनिटाला इतके देणारं दुसरं काही मला दिसलं नाही. शनिवारच्या गर्दीतही हे परवडतं.

फॅरेडिक स्नायू आखडवतं-सोडवतं. मायक्रोकरंट एक मिलीअँपिअरपेक्षाही कमी असतो, बाईला जाणवतही नाही. चेहरा उचलल्यासारखा दिसतो, पण तो परिणाम टिकून राहतो याला भक्कम पुरावा नाही. पुन्हा पुन्हा बैठका घ्याव्या लागतात. मोठ्या शहरात महिन्याला चार वेळा येणारी गिऱ्हाइकं असतात. तुमच्याकडे दीड महिन्याने येणाऱ्या शिक्षिका, बँकेतल्या मॅडम आणि लग्नघरच्या बायका आहेत. या दोन भागांसाठी लाखभर मोजू नका.

डोक्याच्या त्वचेबद्दल मला जरा कडक बोलायचं आहे. कंगव्याच्या आकाराची हाय फ्रिक्वेन्सी नळी कोरड्या केसांतून फिरवली की त्वचेला तरतरी येते, बायकांना बरं वाटतं. ‘स्काल्प ट्रीटमेंट’ म्हणून विका, हरकत नाही. पण डीलरच्या पत्रकात ‘दहा सिटिंगमध्ये नवे केस, पॅकेज १२ हजार आगाऊ’ असं आहे. हे करू नका. केस उगवतात असं ठामपणे सांगण्याइतका पुरावा या करंटला नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत हीच जांभळी नळी ‘व्हायोलेट रे’ नावाने नाना रोगांवरचा इलाज म्हणून घरोघर विकली गेली, आणि पुढे खोट्या दाव्यांपायी तिथल्या सरकारने तिच्यावर कारवाई केली. शिवाय आगाऊ घेतलेले १२ हजार ही तुमची कमाई नव्हे, देणं आहे. केस आले नाहीत आणि बाई ग्राहक आयोगात गेली, तर ते पैसे व्याजासकट फिरतात. गळती जास्त असेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवा. गाव लहान आहे, खरं बोललात तर ते नाव तुमचंच होतं.

मुद्राबद्दल थोडं. ५० हजारांच्या वर ५ लाखांपर्यंतचं कर्ज ‘किशोर’ गटात येतं, तारण लागत नाही. पण ते अनुदान नाही. सरकारची हमी बँकेच्या बुडीत पैशाला असते, तुमच्या हप्त्याला नाही. हप्ता चुकला तर सिबिल (कर्जफेडीची नोंद) बिघडतं, आणि दीड-दोन वर्षांनी लेकीसाठी शैक्षणिक कर्ज घ्यायला गेलात की तिथे सहकर्जदार म्हणून तुमचंच नाव असेल. ही गोष्ट मला व्याजापेक्षा मोठी वाटते. एफडीही त्याच प्रवेशासाठी आहे. ती मुदतीआधी मोडली तर व्याज कमी होतं, आणि कॅपच्या (इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेशाच्या) फेऱ्या सुरू झाल्या की फी भरायला दिवस फार थोडे मिळतात.

‘मशीनचा घसारा (दरवर्षी घटणारी किंमत) दाखवून टॅक्स वाचेल’ असंही तुम्हाला सांगितलंय. तुम्ही अनुमानित पद्धतीने, म्हणजे उलाढालीचे ठरावीक टक्के नफा धरून, रिटर्न भरता. त्यात घसारा वेगळा वजा होत नाही.

मग काय करायचं? तुमच्याच दुसऱ्या कोटेशनमध्ये कोल्हापूरच्या दुकानाने सुटी हाय फ्रिक्वेन्सी ८,५०० ला आणि सुटं गॅल्व्हॅनिक १६,००० ला दिलंय, कर धरून. दोन्ही मिळून २४,५००. पार्लरच्या खात्यात ६० हजार आहेत. त्यातून हे घेतलं तरी ३५,५०० उरतात, म्हणजे भाडं आणि मुलीचा पगार मिळून १७ हजार धरले तर दोन महिन्यांची सोय शाबूत. महिन्याला १५ हाय फ्रिक्वेन्सी आणि रिकाम्या दुपारचे १० गॅल्व्हॅनिक झाले, तर सहा हजारांवर जास्तीचे येतात. चार महिन्यांत पैसे वसूल. निम्मंच झालं तरी आठ महिने. एवढी चूक पचते, दोन लाखांची पचत नाही.

आधी प्रशिक्षण मात्र घ्या, तुम्ही आणि ती मुलगी दोघींनी. डीलरचा अर्ध्या तासाचा डेमो म्हणजे प्रशिक्षण नव्हे. दर गिऱ्हाइकाचा छोटा फॉर्म भरून सही घ्या: पेसमेकर आहे का, दिवस गेलेत का, फिट येतात का, शरीरात धातूची पट्टी किंवा स्क्रू आहे का, चेहऱ्यावर जखम आहे का. यातलं एकही ‘हो’ असेल तर करंट नाही, मग ती कितीही जुनी गिऱ्हाईक असो. मंगळसूत्र, नथ, कुड्या, पाटल्या काढून ठेवायला लागतात. काही बायका मंगळसूत्र काढायला तयार नसतात. त्यांना साधं फेशियलच करा, गळ घालू नका. हाय फ्रिक्वेन्सीच्या आधी स्पिरिट असलेलं टोनर किंवा हेअर टॉनिक लावू नका, ठिणगीने पेट घेऊ शकतं. आणि मशीन लावायच्या आधी वायरमनकडून त्या पॉइंटचं अर्थिंग तपासून घ्या. जुन्या चाळवजा गाळ्यात ते बऱ्याचदा नावालाच असतं.

कोल्हापूरच्या दुकानदाराला पैसे देण्याआधी तीन गोष्टी बिलावर लिहून मागा. काचेच्या नळ्या फुटल्या तर सुट्या मिळतील का आणि कितीला. दुरुस्ती सांगलीत होईल की मशीन पाठवावं लागेल. आणि जेल कुठल्याही कंपनीचं चालेल की त्याच्याकडचंच घ्यावं लागेल. तिसऱ्याचं उत्तर ‘आमचंच’ असं आलं, तर मला पुन्हा लिहा, कारण मग ते २१० रुपये २१० राहणार नाहीत आणि वरचा सगळा हिशोब नव्याने मांडावा लागेल.