चित्रपटाची ‘नांदी’ होते का?

कोल्हापुरातून आलेला प्रश्न असा : एका परीक्षणात ‘या चित्रपटाची नांदी पावसातल्या अंत्ययात्रेने होते’ असे वाक्य होते. मित्राने ‘नांदी’ खोडून ‘ओपनिंग सीक्वेन्स’ लिहिले. मराठीत नेमके काय म्हणावे?

मित्राने खोडले ते बरोबर, पण जागी घातले ते कंटाळ्यापोटी.

नांदी मुळात नाटकातली. ‘नन्द्’ म्हणजे आनंदणे, त्यावरून आलेला हा शब्द. लग्नमुंजीआधीचे नांदीश्राद्ध त्याच घरातले. संस्कृत नाटकात सुरुवातीला देवस्तुती आणि आशीर्वाद येतो ती नांदी, ती संपली की सूत्रधार बोलू लागतो. संगीत नाटकात तिसरी घंटा झाली की नटमंडळी हात जोडून गातात तीही नांदीच. म्हणजे नांदी म्हणतात किंवा गातात. नुसत्या ‘सुरुवात’ या अर्थाने ती ‘अमुक गोष्टीने होते’ असे लिहिले की खटकते.

आज तो शब्द ‘पुढे येणाऱ्याची चाहूल’ या अर्थाने रुळला आहे, आणि तिथे षष्ठीकडे लक्ष द्यावे. बदलाची नांदी, युद्धाची नांदी : ‘-ची’च्या आधी जे येते ते अजून घडायचे असते. नाटकाच्या नांदीत नाटक अजून व्हायचे असते, म्हणून ते चालते. चित्रपटाचे पहिले दृश्य मात्र चित्रपटातच असते. तेव्हा ‘पावसातली अंत्ययात्रा ही भावांमधल्या फाटाफुटीची नांदी ठरते’ असे लिहा, शब्द जागेवर बसतो. (आणि अनुस्वाराआधीचा काना विसरू नका. ‘नंदी’ देवळासमोर बसतो.)

पण शब्द मोडीत काढावा असेही नाही, कारण चांगली नांदी नुसती स्तुती करत नाही, कथेचे बीजही पेरते. ‘मुद्राराक्षस’ या संस्कृत नाटकाच्या पहिल्याच श्लोकात पार्वती विचारते, तुमच्या डोक्यावर ही कोण बसली आहे? शिव गंगेचे नाव घेत नाही, शब्दांशी खेळत उत्तर चुकवत राहतो. आणि आशीर्वाद कोणाचा, तर त्याच्या त्या लबाडीचा! पुढचे सबंध नाटक चाणक्याच्या लपवाछपवीवर उभे आहे. एका श्लोकात सूरही लागला आणि विषयही कळला. पहिल्या दृश्याकडून आपण मागतो ते हेच.

तमाशातला गण असे करत नाही. गणपतीला वंदन करणारा गण कुठल्याही वगाआधी चालतो. ‘प्रभात’ ही चित्रपटसंस्था 1929 साली कोल्हापुरात सुरू झाली; तिच्या बोधचिन्हातली तुतारी फुंकणारी स्त्रीही गणाच्या जातीची. ती संस्थेची ओळख सांगते, त्या चित्रपटाविषयी काही बोलत नाही. सेन्सॉरचे प्रमाणपत्र, तंबाखूचा इशारा हेही बाहेरचेच. परीक्षणात ‘पहिली चौकट’ (फ्रेम) म्हणाल ती यानंतरची धरा.

आता उरते ते दृश्य आणि नावे. यांची गल्लत सर्रास होते. नावांची यादी ती श्रेयनामावली. बोलताना सगळे टायटल्स म्हणतात, त्यातही काही बिघडत नाही. ती सुरुवातीला असो वा शेवटी, नाव तेच. कथेचा पहिला सलग भाग तो सलामीचा प्रसंग. ‘प्रारंभिक दृश्यमालिका’ शासकीय पत्रकात शोभेल. ‘सलामी’ला मात्र आपल्याकडे वजन आहे. खासबागेत पैलवान हात मिळवतात तेव्हा कुस्ती लागलेली नसते, पण समोरच्याच्या पंज्यातली ताकद कळलेली असते. ‘मुहूर्त’ शब्द इथे वापरू नका, तो चित्रीकरणाचा.

एक कल्पित सलामी घेऊ. कर्जात बुडालेल्या ऊसकऱ्याचा चित्रपट. पडदा काळा, फक्त चरकाची घरघर, दहा सेकंद. मग अगदी जवळून काहिलीतला उकळता रस. गुळव्या झाऱ्याने मळी काढतो, बाजूला झटकतो. चेहरा दिसत नाही. खाली चुलवाणात जळव्या चिपाड सारतो आहे. त्या चिपाडात एक घडी घातलेला कागद. तो पेटताना त्यावरचा शिक्का क्षणभर दिसतो, आणि त्याच ज्वाळेवर चित्रपटाचे नाव आणि मागोमाग श्रेयनामावली उमटते.

याचे वर्णन करताना चार गोष्टी टिपा : आधी काय ऐकू आले, आधी काय दिसले, काय लपवले, नाव कुठे पडले. इथे आवाज चित्राआधी येतो, म्हणून माणसाआधी यंत्र मनात बसते. चेहरा लपवल्याने माणूस कामाइतकाच उरतो. शिक्का दिसतो पण वाचता येत नाही, त्यामुळे पुढची अर्धी कथा आपण तो कागद शोधत राहतो. नाव शिक्क्याच्या आधी, नुसत्या रसावर पडले असते तर हा गुळावरचा माहितीपट वाटला असता. परीक्षणात मग असे येईल : ‘सलामीच्याच प्रसंगात जळणारा कागद घर मोडण्याची नांदी ठरतो, श्रेयनामावली त्याच आगीवर येते.’ तिन्ही शब्द, तिन्ही वेगळ्या कामाला.

याउलट ड्रोनने रंकाळा, अंबाबाईचे शिखर, पन्हाळा असे फिरवून दोन मिनिटे घालवली आणि कथा गुऱ्हाळावरच उभी राहिली, तर ते नुसते स्थळदर्शन. त्याला सलामी म्हणू नये, नांदी तर नाहीच. त्याच्यासाठी मराठीत आयती म्हण आहे : नमनाला घडाभर तेल. पूर्वी खेळ मशाली-दिवट्यांच्या उजेडात व्हायचे. नमनातच तेल संपले की मुख्य खेळ अंधारात.