उसानं भरलेली ट्रॉली हळू चालत असली तरी पटकन का थांबत नाही?

तुमचा प्रश्न असा आहे की ट्रॅक्टर उसाच्या दोन ट्रॉल्या घेऊन सायकलच्या स्पीडनं चाललेला असतो, तरी जागेवर थांबत नाही, मग संवेगात वजन महत्त्वाचं की वेग? आम्ही वाळवा तालुक्यातले, घरचाच ट्रॅक्टर, हंगामात मी वडलांशेजारी मडगार्डवर बसून कारखान्याला जायचो, त्यामुळं हे मला नववीतल्या ‘गतीचे नियम’ धड्याच्या आधीच कळलं होतं.

संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग (बोलताना आपण वजनच म्हणतो). गुणाकार असल्यामुळं दोघांचा वाटा सारखा, वजन दुप्पट करा नाहीतर वेग दुप्पट करा, संवेग दुप्पटच होणार.

आता हिशोब बघा. ट्रॅक्टर आणि दोन भरलेल्या ट्रॉल्या मिळून २० टन धरा, म्हणजे २०,००० किलो, वेग ताशी १८ किमी म्हणजे सेकंदाला ५ मीटर, संवेग झाला १,००,०००. दोन माणसं बसलेली बाइक ३०० किलो धरा, ताशी ७२ नं म्हणजे सेकंदाला २० मीटर, तिचा संवेग फक्त ६,०००. या बाइकला ट्रॉलीएवढा संवेग यायचा तर ती सेकंदाला ३३३ मीटर पळाली पाहिजे, म्हणजे जवळजवळ आवाजाच्या वेगानं!

थांबवायचं म्हणजे हा संवेग शून्यावर आणायचा, आणि त्याला बल गुणिले वेळ एवढी किंमत मोजावी लागते. आमच्याकडं ब्रेक ट्रॅक्टरलाच, ट्रॉलीला बहुतेक नसतोच. ब्रेकचं बल २०,००० न्यूटन धरलं तर थांबायला ५ सेकंद लागतात आणि तेवढ्यात गाडी साडेबारा मीटर पुढं जाते. कारखान्यावरनं रिकामं परत येताना सगळं मिळून ५ टन धरलं तर सव्वा सेकंदात, तीनेक मीटरवर उभी.

पण थांबायच्या अंतरात मात्र वेग वजनाला मागं टाकतो, आणि हे लोकांच्या लक्षातच येत नाही. वजन दुप्पट केलं तर अंतर दुप्पट होतं, वेग दुप्पट केला तर चौपट, कारण थांबायला वेळही दुप्पट लागतो आणि त्या वेळात गाडी सरासरी दुप्पट वेगानं पळत असते. म्हणजे तीच भरलेली ट्रॉली १८ ऐवजी ३६ नं आणली तर साडेबाराचे थेट ५० मीटर झाले.

म्हणून वडील उतार लागायच्या आधीच लो गिअर टाकायचे, डिझेल वाचवायला न्यूट्रल कधीच केलं नाही. एकदा आष्ट्याजवळ ओढ्याच्या उतारावर वासरू आडवं आलं, वडलांनी दोन्ही ब्रेक दाबले तशी पहिल्या ट्रॉलीची पिन खाडकन वाजली, मग दुसरीची, आणि मागचा सगळा ऊस आम्हाला पुढं रेटायला लागला. वासरू पळून पलीकडच्या बांधावर पोचलं तरी आम्ही अजून सरकतच होतो.