घोड्याचं गाणं म्हणणारा हा माणूस कोण?

प्रश्न : मुलगी नोकरीसाठी नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला असते. कार्निव्हलमध्ये तिच्या ऑफिसातली मंडळी चित्रविचित्र कपडे घालून 'शेजारच्या यान्सनबाईंच्या पॅसेजमध्ये घोडा उभाय' असलं काहीतरी बेंबीच्या देठापासून ओरडत होती म्हणे. हे गाणं कोणाचं? तो गायक आहे की विनोदी नट?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आंद्रे फान दाउन! १९४७चा जन्म, रॉटरडॅमचा, खरं आडनाव वेगळंच. आणि आधी कॉमेडियन, गायक नंतर. १९६४मध्ये टीव्हीवरच्या टॅलेंट शोमध्ये हा पोरगा आला तो टेप घेऊन, म्हणजे गाण्यांचे, आवाजांचे तुकडे एकापुढे एक जोडलेली टेप वाजायची आणि हा नुसते ओठ हलवून, तोंडं वाकडी करून त्यावर धमाल करायचा, स्वतःचा आवाज शून्य. पुढे सत्तरच्या दशकात रेडिओवर फेरी द ख्रोटबरोबरच्या शोमध्ये उलटंच, तिथे चेहरा दिसत नाही म्हटल्यावर एकटाच कितीतरी आवाज काढायचा. मला विचाराल तर त्याच्या गाण्यांचं सगळं गुपित इथेच आहे, तो गातो ते कुठल्यातरी पात्राच्या आवाजात.

१९७६चं 'विलेम्पी' घ्या, किंवा ते फ्लॉवरच्या भल्यामोठ्या गड्ड्यांचं गाणं, ज्याची चाल चक्क इंग्लिश नारळवाल्या गाण्याची आहे. तुमचं घोड्याचं गाणं १९८१चं. ब्राबांत आणि लिम्बर्ग या दक्षिणेकडच्या भागात कार्निव्हल जोरात असतो, तिथे दोन ग्लास बिअर पोटात गेल्यावरही म्हणता यावीत अशी सोपी गाणी लागतात आणि हे तर त्यासाठीच केल्यासारखं आहे, पुढे जर्मन लोकांनीही ते आपल्या भाषेत उचललं. समीक्षक नाकं मुरडणारच, पण असलं येडपट गाणं चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात टिकवून दाखवणं हे काही खायचं काम नाही!

बरं, माणूस नुसता टवाळ नाही हां. सिरियस गाणीही गायलीत, आवाज खरंच गोड आहे. आता म्हातारपणी टीव्हीवर केक-बिस्किटांच्या स्पर्धेचा होस्ट म्हणून घराघरात लाडका झाला, आणि २०२१ला ४ मेच्या स्मृतिदिनी, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या मृतांची आठवण काढतात तेव्हा, ॲमस्टरडॅमच्या दाम चौकात भाषण करायला यालाच बोलावलं होतं, तिथे ना टोपी ना सोंग.

लेकीला म्हणावं पुढच्या कार्निव्हलला फ्लॉवरचं गाणं पाठ करून जा, ऑफिसवाले चाटच पडतील.